वऱ्हाडातील कामाच्या तासांचे नियमन आणि लहान आस्थापना : एक ऐतिहासिक अभ्यास (१८८१ ते २०२५)

सारांश

कामाचा आठवडा लहान करणे आणि कर्मचाऱ्यास घरून काम करण्याची मुभा देणे हे विषय आज मोठ्या शहरांतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या संदर्भात चर्चिले जातात. तालुक्याच्या गावातील पाच-सात माणसांच्या आस्थापनेचा विचार या चर्चेत सहसा येत नाही. प्रस्तुत शोधनिबंधात वऱ्हाडातील, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांतील, कामाच्या तासांच्या नियमनाचा इतिहास तपासून असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, कायद्याने विश्रांतीचा हक्क देताना हंगाम, संख्या आणि स्थळ या तीन अटी घातल्या आणि लहान आस्थापना या तिन्ही अटींमुळे दीर्घकाळ हक्काच्या कक्षेबाहेर राहिल्या. तिवशासारख्या गावात लहान आठवड्याचा प्रयोग करावयाचा झाल्यास या इतिहासापासून कोणता बोध घ्यावा लागेल, याचाही विचार शेवटी केला आहे.

बीजसंज्ञा : कामाचे तास, साप्ताहिक सुटी, जिनिंग-प्रेसिंग, हंगामी कारखाना, लहान आस्थापना, घरून काम.

१. प्रस्तावना

तिवसा हे अमरावती-नागपूर महामार्गावरील तालुक्याचे गाव होय. कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्रा यांच्यावर उभी असलेली शेती, त्या शेतीस लागणारी बी-बियाणे व खतांची दुकाने, कृषी सेवा केंद्रे, अडत व्यवसाय, हिशेब लिहून देणारी कार्यालये, संगणक प्रशिक्षण वर्ग, औषधांची दुकाने, छपाई व झेरॉक्सची केंद्रे असे अशा गावांच्या अर्थव्यवहाराचे सर्वसाधारण स्वरूप असते. या प्रत्येक ठिकाणी दोन ते आठ माणसे काम करतात. त्यांच्या कामाचा दिवस दुकान उघडल्यापासून शटर खाली येईपर्यंतचा असतो. साप्ताहिक सुटी ही पुष्कळदा मालकाच्या सौजन्याचा भाग असते; हक्काचा नव्हे.

याच गावातून येणारे शासकीय कर्मचारी मात्र २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्याचा लाभ घेत आहेत. एकाच गावातील, कित्येकदा एकाच घरातील दोन माणसांच्या आठवड्यात पडलेले हे अंतर केवळ मालकांच्या मनोवृत्तीने स्पष्ट होत नाही. त्याची मुळे कायद्याच्या इतिहासात आहेत. त्या इतिहासाचा आरंभ वऱ्हाडातील कापसाच्या जिनांपासून होतो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) १८८१ पासूनच्या कारखाना व दुकाने कायद्यांतील व्याप्तीच्या अटींचा मागोवा घेणे, (२) या अटींचा वऱ्हाडातील हंगामी व लहान आस्थापनांवर झालेला परिणाम तपासणे, (३) घरून केल्या जाणाऱ्या कामाची पूर्वपीठिका समजून घेणे, (४) लहान आस्थापनांत कामाचा आठवडा कमी करण्याच्या शक्यतेचा विचार करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांच्या तरतुदी व प्रकाशित इतिहास या साधनांवर विवेचन आधारलेले आहे.

३. चरखीकडून जिनाकडे : घरातील कामाचे कारखान्यात स्थलांतर

१८५३ च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढे १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतील कापसाला अभूतपूर्व मागणी आली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगाव शाखा रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. अमरावती, अकोला, खामगाव, अकोट, कारंजा, धामणगाव ही गावे कापसाच्या व्यापाराची केंद्रे म्हणून नावारूपास आली.

या स्थित्यंतरापूर्वी सरकीपासून रुई वेगळी करण्याचे काम हातचरखीवर, बहुतांशी घरोघरी, स्त्रियांकडून होत असे. त्या कामास ठरावीक वेळ नव्हती. स्वयंपाक, पाणी, मुले, गुरे आणि शेत यांच्यामधून उरलेल्या वेळात ते चाले. वाफेच्या शक्तीवर चालणारे जिन व गठाणी बांधणारे प्रेस आल्यावर हे काम घरातून कारखान्यात गेले. जिनवर कापूस घालण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांकडेच राहिले. बदलला तो वेळेवरचा ताबा. पूर्वी कामाची वेळ घर ठरवीत असे, आता ती कारखान्याचा भोंगा ठरवू लागला. कामाच्या तासांचा प्रश्न वऱ्हाडात ऐतिहासिक अर्थाने येथे उपस्थित झाला.

४. हंगामाची अट

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या, १०० वा अधिक माणसे कामास असणाऱ्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांपुरता तो मर्यादित होता. त्यात संरक्षण होते ते मुख्यतः मुलांना : सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास मनाई आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांविषयी कायदा मौन पाळून होता.

चार महिन्यांची अट वरवर तांत्रिक वाटते. परंतु वऱ्हाडातील जिनांच्या दृष्टीने ती निर्णायक होती. कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि जिनांची खरी धावपळ त्यानंतरच्या काही महिन्यांतच आटोपते. ज्या कारखान्यात काम सर्वांत तीव्र, तोच कारखाना अल्पकालीन म्हणून कायद्यातून सुटण्याची सोय या अटीने झाली. शिवाय वऱ्हाड हा मूलतः निजामाचा प्रदेश असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. त्यासाठी स्वतंत्र अधिसूचना काढावी लागे. म्हणजे कायदा येण्यापूर्वीच तो दोन गाळण्यांतून गाळला जाई.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखाना आयोग नेमला. या आयोगापुढे शेजारच्या खानदेशातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयी जी साक्ष झाली, तीवरून हंगामात मजूर पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत आणि गर्दीच्या दिवसांत रात्रंदिवस राबत असल्याचे चित्र समोर आले. खानदेश आणि वऱ्हाड यांचे पीक, हंगाम व यंत्रे सारखीच असल्याने हे वर्णन वऱ्हाडच्या परिस्थितीसही दिशादर्शक मानावयास हरकत नाही.

याच आयोगापुढे नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचे निवेदन मांडले. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई या त्यातील मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली.

या घटनेतील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. साप्ताहिक सुटी प्रथम मालक आणि कामगार यांच्यातील मान्यतेने आली. कायदा त्यानंतर, १८९१ मध्ये आला. कायद्याने जे मान्य केले, ते संघटित कामगारांनी आधीच मिळविले होते. वऱ्हाडातील जिनांमध्ये मात्र कामगार हंगामापुरता येई, हंगाम संपताच शेतमजुरीस परत जाई. त्यामुळे तेथे मुंबईसारखी टिकाऊ संघटना उभी राहणे कठीण होते. मान्यता मिळविण्याचे साधनच नसल्याने वऱ्हाडातील कामगारांस कायद्याची वाट पाहावी लागली.

१८९१ च्या दुरुस्तीने कामगारसंख्येची अट १०० वरून ५० वर आणली, स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली आणि साप्ताहिक सुटीची तरतूद केली. १९११ च्या कायद्याने चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणारे हंगामी कारखानेही कक्षेत घेतले. म्हणजे पहिल्या कायद्यानंतर तीस वर्षांनी जिन कायद्याच्या दारात आले. तरीही पुरुषांसाठी घालण्यात आलेली बारा तासांची मर्यादा कापडगिरण्यांपुरती होती आणि स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदीतून जिनिंग-प्रेसिंगला सवलत देण्यात आली. दार उघडले, पण आतील बैठक वेगळी ठेवण्यात आली.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद झाली. तिने दिवसास आठ व आठवड्यास ४८ तासांचा दंडक स्वीकारला. हिंदुस्थानसाठी मात्र साठ तासांचा अपवाद करण्यात आला. ना. म. जोशी हे त्या परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते. त्यानुसार १९२२ च्या कायद्याने आठवड्यास साठ व दिवसास अकरा तासांची मर्यादा घातली. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात हंगामी कारखाने आणि नियमनाबाहेरील कारखाने यांचा स्वतंत्र प्रकरणांत विचार केला. त्यानंतरच्या १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ५४ तास ठरविले. हंगामी कारखान्यांसाठी साठ तासच कायम राहिले. ही सहा तासांची तफावत म्हणजे हंगामाच्या अटीचे शेवटचे ठळक रूप होय.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत बारमाही कारखान्यांसाठी ४८ तासांच्या आठवड्याची तरतूद झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने बारमाही व हंगामी हा भेद रद्द केला आणि सर्व कारखान्यांना ४८ तासांचा एकच दंडक लावला. १८८१ पासून ६७ वर्षांनी जिनातील कामगाराचा आठवडा कायद्याच्या दृष्टीने गिरणीतील कामगाराच्या आठवड्याइतका झाला.

५. संख्येची अट

हंगामाची अट गेली तरी संख्येची अट राहिली. तिचा प्रवास पुढील तक्त्यावरून ध्यानात येईल.

तक्ता क्र. १ : यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या कारखान्यास कायदा लागू होण्यासाठी आवश्यक कामगारसंख्या
१८८१ : १०० वा अधिक
१८९१ : ५० वा अधिक (स्थानिक सरकारला २० पर्यंत खाली आणण्याची मुभा)
१९२२ : २० वा अधिक (स्थानिक सरकारला १० पर्यंत खाली आणण्याची मुभा)
१९४८ : १० वा अधिक
२०२० ची संहिता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात : २० वा अधिक

या तक्त्यात दोन दिशा स्पष्ट दिसतात. पहिल्या ६७ वर्षांत मर्यादा सतत खाली येत गेली. म्हणजे अधिकाधिक लहान कारखाने कायद्याच्या छायेत आले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने मात्र ही मर्यादा दुप्पट केली. यांत्रिक शक्ती नसलेल्या ठिकाणी ती २० वरून ४० झाली आहे. १० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ही संहिता अन्य तरतुदींपुरती लागू असली, तरी दहाच्या खालचा कामगार पूर्वीप्रमाणेच बाहेर आहे. दीड शतकाच्या इतिहासात संख्येची रेषा वर सरकण्याचा हा प्रसंग म्हणूनच अभ्यासकांनी गंभीरपणे नोंदविण्याजोगा आहे.

दुकाने व कार्यालयांच्या बाबतीतही हेच आढळते. २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला. दिवसास नऊ व आठवड्यास ४८ तास, सलग २४ तासांची साप्ताहिक सुटी, आठ दिवसांची किरकोळ रजा अशा तरतुदी मूळ कायद्यात होत्या. परंतु या तरतुदी मूळ कायद्यात दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होत्या. त्याहून लहान आस्थापनेने केवळ व्यवसायाची सूचना देणे पुरेसे ठरे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या दहावरून वीसवर नेण्यास आणि दैनिक मर्यादा नऊवरून दहा तास करण्यास मान्यता दिली.

या धोरणामागील युक्तिवाद असा की, लहान व्यावसायिकावर नोंदवह्या, तपासणी व परवाने यांचा बोजा पडू नये. तो सर्वस्वी निराधार नाही. सहा माणसांच्या कृषी सेवा केंद्राच्या मालकास मोठ्या कारखान्याप्रमाणे कागदपत्रे ठेवणे शक्य नसते. परंतु कागदपत्रांतून सूट आणि विश्रांतीच्या हक्कातून सूट या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीची सोय करताना दुसरीही दिली गेली, हा या इतिहासातील दोष आहे. थकवा माणसांच्या संख्येवर अवलंबून नसतो. सहाजणांच्या दुकानातील मुलगा साठ जणांच्या कारखान्यातील कामगाराहून कमी थकतो, असे मानण्यास आधार नाही.

६. स्थळाची अट

दुकान कामगारांसाठीचा हिंदुस्थानातील पहिला कायदा मुंबई प्रांताने १९३९ मध्ये केला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताशी जोडलेला होता. १९४२ च्या केंद्रीय साप्ताहिक सुटी कायद्याने दुकाने, उपाहारगृहे व नाट्यगृहे यांतील नोकरांना वेतनात कपात न होता आठवड्यातून एक दिवस सुटीची तरतूद केली. मात्र तो कोठे लागू करावयाचा हे प्रांतिक सरकारच्या अधिसूचनेवर अवलंबून होते. १९४७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने स्वतःचा दुकाने व आस्थापना कायदा केला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि पुढे मुंबईचा १९४८ चा कायदा या भागास लावण्यात आला.

या कायद्यांचा अंमल अधिसूचित स्थानिक क्षेत्रांपुरता असे. साहजिकच प्रथम शहरे, मग नगरपालिकांची गावे आणि सर्वांत शेवटी तालुक्याची व बाजाराची गावे असा तो क्रम राहिला. २०१७ च्या कायद्याने ही स्थळाची अट काढली. तो संपूर्ण राज्यास लागू आहे. पण त्याच कायद्याने संख्येची अट आणली. १९४८ च्या कायद्याखाली अधिसूचित गावातील दोन नोकरांचे दुकानही नियमनात येत असे. एका हाताने गावाला आत घेतले आणि दुसऱ्या हाताने गावातील बहुसंख्य दुकाने बाहेर ठेवली, असा हा परिणाम झाला.

ग्रामीण वऱ्हाडाला विश्रांतीची स्वतःची परंपरा नव्हती असे मात्र नाही. आठवडी बाजाराचा दिवस हा मजुरीच्या हिशेबाचा व मोकळिकीचा दिवस असे. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवले जात नाही. तिवसा तालुक्यातील मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. श्रमाच्या प्रतिष्ठेचा विचार त्यांच्या ग्रामगीतेत विस्ताराने आला आहे आणि सामुदायिक प्रार्थनेच्या प्रघाताने अनेक गावांच्या दिवसाला एक समान विरामाची वेळ मिळाली. या सर्व परंपरांतील समान सूत्र असे की, विश्रांती सर्वांची एकाच वेळी असे. शेजारचे दुकान उघडे असताना आपले बंद ठेवण्याची भीती तीत नव्हती. लहान आस्थापनांच्या सुटीचा प्रश्न हा मुख्यतः या भीतीचा प्रश्न आहे, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

७. घरून काम : नवे नाव, जुना प्रश्न

घरून काम ही कल्पना २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीने सर्वपरिचित केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या आरंभी अमरावती व अचलपूर येथे राज्यातील इतर भागांच्या आधी पुन्हा टाळेबंदी आली. त्या काळात पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरी करणारे अनेक तरुण गावी परतून घरातूनच संगणकावर काम करीत होते. हे दृश्य नवे असले तरी घर हेच कामाचे ठिकाण असणे नवे नाही. हातचरखीचा उल्लेख वर आला आहे. दुसरे उदाहरण विडी उद्योगाचे आहे.

मध्य प्रांतात १९३७ मध्ये नियमनाबाहेरील कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला व त्यात विडी कारखान्यांचा समावेश होता. विडी उद्योगातील काम पुष्कळ प्रमाणात कामगारांच्या घरी, पान-तंबाखू देऊन तयार विड्या मोजून घेण्याच्या पद्धतीने चालत असल्याने कारखान्यापुरता कायदा अपुरा ठरला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरखेप काम करणाऱ्यांनाही कामगार मानले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हा कायदा वैध ठरविला. सवेतन रजा व प्रसूतिलाभ घरापर्यंत पोहोचले. कामाच्या तासांची मर्यादा मात्र औद्योगिक जागेपुरतीच राहिली; घरात किती तास काम झाले हे मोजण्याचा मार्ग कायद्याला सापडला नाही.

आज घरून संगणकावर हिशेब लिहिणाऱ्या वा ग्राहकांना उत्तरे देणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर हाच प्रश्न आहे. स्थळाची लवचीकता मिळते, पण वेळेची सीमा पुसली जाते. रात्री नऊ वाजता आलेला मालकाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश हा कामाचा भाग मानावयाचा की नाही, याचे उत्तर कोणत्याही नोंदवहीत नसते. कार्यालयीन वेळेनंतर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काविषयी खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण घरातील विनावेतन श्रम त्याच छपराखाली चालू असतात. चरखीवरील स्त्रीचा दिवस मोजला जात नव्हता. संगणकावरील स्त्रीचा दिवसही मोजला गेला नाही, तर दीड शतकाचे चक्र पूर्ण झाले असेच म्हणावे लागेल.

८. लहान आठवडा : पुनर्रचना की कपात?

‘पाच दिवसांचा आठवडा’ या शब्दप्रयोगात दोन भिन्न अर्थ दडलेले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा लागू करताना कार्यालयीन वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी वाढविली. शासनाने त्या वेळी मांडलेल्या हिशेबानुसार वर्षाचे कामाचे दिवस २८८ वरून २६४ झाले. दैनिक काम सव्वासात तासांवरून आठ तास झाले आणि वर्षाचे एकूण तास २,०८८ वरून २,११२ झाले. म्हणजे दिवस घटले, तास किंचित वाढले. ही पुनर्रचना होय, कपात नव्हे. पोलीस, रुग्णालये, तसेच शाळा-महाविद्यालये यांना हा निर्णय लागू नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.

याउलट जून ते डिसेंबर २०२२ या काळात ब्रिटनमध्ये ६१ कंपन्यांतील सुमारे २,९०० कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात वेतन पूर्ण ठेवून काम कमी करण्यात आले. प्रयोगाअखेर ५६ कंपन्यांनी तो पुढे चालू ठेवला. या कंपन्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कंपन्यांत २५ वा त्याहून कमी कर्मचारी होते. लहान आस्थापनेला कमी तास परवडत नाहीत, हे आपल्याकडील कायद्यामागील गृहीतक या अनुभवाने तरी दुर्बल ठरते. अर्थात, तेथील कंपन्या स्वेच्छेने सहभागी झालेल्या होत्या आणि त्यांत कार्यालयीन स्वरूपाचे काम मोठ्या प्रमाणात होते. पेरणीच्या दिवसांत गर्दी होणाऱ्या बियाण्यांच्या दुकानास तो नमुना जसाच्या तसा लागू पडणार नाही.

मात्र वऱ्हाडातील लहान आस्थापनांचे काम वर्षभर सारखे नसते, ही वस्तुस्थिती अडचण म्हणून न पाहता संधी म्हणून पाहता येते. बियाणे-खतांच्या दुकानात जून-जुलै, अडत व्यवहारात कापसाचा हंगाम आणि हिशेब लिहिणाऱ्या कार्यालयात मार्च व विवरणपत्रांची मुदत ही गर्दीची वेळ असते. उरलेल्या महिन्यांत माणसे दुकानात बसून असतात. त्यांचे काम कमी होते, पण दिवस लहान होत नाही. जुन्या कायद्याने हंगामाचा उपयोग संरक्षण नाकारण्यासाठी केला. त्याच हंगामाचा उपयोग मंदीच्या महिन्यांत आठवडा लहान करण्यासाठी होऊ शकतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) वऱ्हाडातील कामाच्या तासांचे नियमन हंगाम, संख्या व स्थळ या तीन अटींतून झाले. हंगामाची अट १९४८ मध्ये, तर दुकानांच्या बाबतीत स्थळाची अट २०१७ मध्ये दूर झाली. संख्येची अट मात्र कायम असून अलीकडे ती वर सरकत आहे.

(२) साप्ताहिक सुटी १८९० मध्ये प्रथम परस्पर मान्यतेने व नंतर कायद्याने आली. ज्या आस्थापनांपर्यंत कायदा पोहोचत नाही, तेथे परस्पर मान्यतेचा मार्ग इतिहाससिद्ध आहे. परंतु त्यासाठी कामगारांचा सामूहिक आवाज आवश्यक असतो.

(३) घरून काम ही सवलत ठरावयाची असेल तर त्या कामाची वेळ मोजली गेली पाहिजे. विडी उद्योगाचा अनुभव या बाबतीत इशारा देणारा आहे.

(४) दिवसांची पुनर्रचना आणि तासांतील कपात यांत भेद केल्याशिवाय लहान आठवड्याची चर्चा अर्थपूर्ण होणार नाही.

१०. शिफारशी

तालुका पातळीवरील व्यापारी संघटनांनी सर्व दुकानांसाठी आठवड्याचा एक समान बंद दिवस ठरवावा. त्यामुळे स्पर्धेची भीती कमी होईल. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाही केवळ दोन बाबी, म्हणजे साप्ताहिक सुटी आणि दैनिक तासांची मर्यादा, नोंदवह्यांचा बोजा न टाकता लागू कराव्यात. मंदीच्या महिन्यांत वेतन न घटविता आठवड्यातील एक अर्धा दिवस कमी करण्याचा प्रयोग काही आस्थापनांनी प्रथम सहा महिने करून पाहावा. घरून काम करणाऱ्याच्या बाबतीत काम सुरू व बंद करण्याची वेळ, तसेच वीज व इंटरनेटचा खर्च कोणी सोसावयाचा हे लेखी ठरवावे. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी आपापल्या गावातील दुकान कामगारांच्या प्रत्यक्ष तासांच्या नोंदी विद्यार्थ्यांकरवी गोळा कराव्यात. महाविद्यालयांत शिकणारे कित्येक विद्यार्थी सकाळी वर्गात आणि दुपारनंतर अशाच दुकानांत असतात. त्यांच्याहून अधिक जवळचा माहितीदाता दुसरा नाही.

जिनातील कामगाराला गिरणी कामगाराच्या बरोबरीस येण्यास ६७ वर्षे लागली. तालुक्याच्या गावातील दुकान कामगाराला शासकीय कर्मचाऱ्याच्या आठवड्याजवळ येण्यास किती काळ लागावा, हे आता हंगामावर वा स्थळावर अवलंबून नाही. ते दहा आणि वीस या आकड्यांकडे समाज व शासन कोणत्या दृष्टीने पाहतात, यावर अवलंबून आहे.